पीई लावलेली मेल-१४ अँटिबॉडी: वापरून झालेलं मत

रक्तातल्या लिम्फोसाइटला (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) लिम्फ नोडच्या शिरांच्या भिंतीवर पहिली पकड मिळते ती सीडी६२एल, म्हणजे एल-सिलेक्टिनमुळे. उंदराच्या पेशींवर हे प्रथिन फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) बघायला मी पीई हा चमकणारा रंग लावलेली मेल-१४ अँटिबॉडी वापरते. दुसरा क्लोन (याच प्रथिनावरची वेगळी अँटिबॉडी) शोधावा असं मला कधी वाटलं नाही.

सोबत सीडी४४ या दुसऱ्या प्रथिनासाठी आयएम७ ही अँटिबॉडी लावली, की नेइव्ह (अजून उत्तेजित न झालेल्या) आणि मेमरी (आधी उत्तेजित होऊन गेलेल्या) टी-पेशी प्लॉटवर छान सुट्या होतात. हीच मेल-१४ फिटक या हिरव्या रंगातही मिळते आणि नेइव्ह पेशींना ती पुरते. पण मधल्या, फिक्या पेशी हिरव्या चॅनेलमध्ये पेशींच्या स्वतःच्या चमकेत हरवतात. पॅनेलमध्ये (एकत्र लावायच्या रंगांच्या संचात) जागा असेल तर पीईच घ्या.

सिग्नल कमी झाला की सगळे आधी अँटिबॉडीच्या व्हायलकडे (कुपीकडे) बोट दाखवतात, ते मला पटत नाही. टी-पेशी उत्तेजित झाली की एडॅम१७ हे एन्झाइम सीडी६२एल पृष्ठभागावरून छाटून टाकतं. पीएमए हे उत्तेजक रसायन दिलं तर काही मिनिटांतच. त्यामुळे नोड काढल्यापासून सगळं बर्फावर ठेवायचं आणि गोठवून ठेवलेल्या पेशींवरचे आकडे जपून वाचायचे. २.४जी२ या अँटिबॉडीने एफसी रिसेप्टर (कुठलीही अँटिबॉडी शेपटीकडून पकडणारी प्रथिनं) आधी झाकायचे. मात्रा कागदावरची न घेता स्वतः टायट्रेट करायची (वेगवेगळ्या मात्रा लावून ठरवायची), बहुतेक वेळा कमीच लागते आणि महाग व्हायल पुष्कळ दिवस पुरते. आमच्याकडे एका पुरवठादाराने पार्सल पाठवलं तेव्हा आतला बर्फ पार वितळलेला होता. अशा वेळी जुन्या व्हायलशी ताडून बघितल्याशिवाय नवी वापरू नका. आणि पीई कधीही फ्रीझरमध्ये टाकू नका.

एक गोष्ट मात्र विकणारे ठळकपणे सांगत नाहीत, ती सांगायलाच हवी. १९८३ मध्ये स्टॅनफर्डच्या गॅलाटिन, वाइसमन आणि बुचर यांनी ही अँटिबॉडी जगापुढे आणली, ती लिम्फोसाइटचं लिम्फ नोडच्या शिरांना चिकटणं अडवते म्हणूनच! म्हणजे मेल-१४ ने रंगवून सॉर्ट केलेल्या (वेगळ्या काढलेल्या) पेशी दुसऱ्या उंदरात सोडल्या आणि त्या नोडमध्ये पोचल्या नाहीत, तर तो निष्कर्ष धरता येत नाही. होमिंगचा (पेशी नोडमध्ये पोचतात का, याचा) प्रयोग असेल तर सॉर्टिंगला दुसरा मार्कर निवडा.

माणसाच्या रक्तावर मेल-१४ चालत नाही, तिथे ड्रेग-५६ ही अँटिबॉडी मागवा.