सी हॅरियरचं किट: १/७२ घ्यावं की १/४८?

वास्कोला राहणारा माझा भाचा जोडायच्या मॉडेल विमानाच्या दोन किटांमध्ये अडकलाय: एक १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं, दुसरं १/४८. विमान ठरलेलं आहे: आपल्या नौदलाच्या गोव्यातल्या आयएनएस हंसा तळावरून उडणारं, २०१६ मध्ये निवृत्त झालेलं लढाऊ विमान सी हॅरियर. दोन्ही डबे उघडून पाहिल्यावर माझं मत असं.

मूळ विमान साधारण साडेचौदा मीटर लांब. म्हणजे १/७२ मध्ये वीस सेंटिमीटर, १/४८ मध्ये तीस. लहान मॉडेल फडताळात सहज मावतं. मोठ्याची किंमत बरीच जास्त, रंगही जास्त लागतो.

खरी कसोटी चाकांची. हॅरियरचे दोन मुख्य पाय पोटाखाली एकामागे एक, पुढच्याला एक चाक आणि मागच्याला जोडचाकं, आणि पंखांच्या टोकांशी दोन आधारचाकं. सगळी चाकं एकाच वेळी टेबलाला टेकली पाहिजेत. लहान मापात आधारचाकांचे पाय काडीसारखे बारीक, डिंक वाळेपर्यंत हलतात. मोठ्यात पकड मिळते आणि चूक सुधारता येते. कॉकपिटही मोठ्यातच मनासारखं रंगवता येतं.

भारतीय विमान करायचं तर डब्यात शेपटीवरच्या पांढऱ्या वाघाचे डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) आणि मॅजिक क्षेपणास्त्रं आहेत का ते बघ. नसतील तर वेगळा खर्च धर.

माप कुठलंही असो, गोव्याच्या पावसाळ्यात मॅट वार्निश फवारू नकोस. दमट हवेत पांढरट झाक येते.

पहिलंच मॉडेल असेल किंवा नौदलाच्या विमानांची रांग लावायची असेल, तर १/७२. दोन-चार मॉडेलं जमली असतील आणि हे एकच मन लावून करायचं असेल, तर १/४८. भाच्याचा हात बसलेला आहे, त्याने मोठंच घ्यावं. आधी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन खऱ्या विमानाचे पाय जवळून बघावेत.