एडिंबरा की स्टर्लिंग? एकच किल्ला बघायचा असेल तर

स्कॉटलंडमध्ये किल्ल्यासाठी एकच दिवस मोकळा असला, की बहुतेक जण फार विचार न करता एडिंबराचं तिकीट काढतात. माझा कौल स्टर्लिंगला. एडिंबराहून रेल्वेने तासाभरात पोचता येतं.

एडिंबराचं पारडं जड होतं ते वस्तूंमुळे. स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार तिथेच आहेत. १७०७ मध्ये स्कॉटलंड-इंग्लंड एक झाल्यावर पेटाऱ्यात पडून विसरली गेलेली ही राजचिन्हं १८१८ मध्ये लेखक वॉल्टर स्कॉटच्या पुढाकाराने पुन्हा उजेडात आली. दीडशे किलोचा दगडी गोळा फेकणारी मॉन्स मेग तोफही तिथलीच. स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा दगड मात्र २०२४ पासून स्कॉटलंडमधल्याच पर्थ शहरात आहे. केवळ त्यासाठी जाणार असाल तर थांबा.

जुन्या वास्तू एडिंबराला त्या मानाने कमी उरल्यात. १३१४ मध्ये स्कॉटिश सरदार थॉमस रँडॉल्फची मोजकी माणसं रात्री कडा चढून गेली आणि त्यांनी किल्ला इंग्रजांकडून घेतला. कोंडाजी फर्जंदाच्या पन्हाळ्याच्या जातीचाच हा पराक्रम! पण स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसने घेतलेला किल्ला पाडूनच टाकला, पुन्हा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेटचं इवलंसं चॅपल तेवढं वाचलं. १५७३ च्या वेढ्यात तोफांनी पुन्हा बरीच पडझड केली.

स्टर्लिंगला राजवाडा उभा आहे. चौथ्या जेम्सचा भव्य हॉल १५०० च्या सुमाराचा. बाहेरून पिवळसर रंगाचा, दुरूनच नजरेत भरतो. पाचव्या जेम्सच्या महालाच्या भिंतींवर देवादिकांचे आणि सैतानाचेही पुतळे आहेत. पाचव्या जेम्सच्या नऊ महिन्यांच्या मुलीला, मेरीला, १५४३ मध्ये मुकुट चढवला तो याच किल्ल्यात. १५०७ मध्ये दरबारातल्या जॉन डॅमियनने पंख बांधून तटावरून उडी घेतली आणि मांडी मोडून घेतली, अशी कथा आहे. पंखांत कोंबडीची पिसं मिसळली, ती उकिरड्याकडेच ओढणार, ही त्याची सबब!

आतली रंगरंगोटी आणि पडदे अलीकडचे आहेत, हे खरं. १९६४ पर्यंत इथे लष्कर होतं, हॉलच्याही बराकी झाल्या होत्या. महालाच्या दालनांचं काम २०११ मध्ये संपलं. जुनेपणाची झीजच बघायची हौस असेल त्याला ते जरा चकचकीत वाटेल. मला चाललं, कारण राजा कुठे बसायचा, भेटायला आलेल्याला कोणत्या दालनापर्यंत सोडायचे, हे चालता चालता कळतं.

सोबत मुलं असतील आणि दुपारी एकची तोफ ऐकवायचीच असेल, तर मात्र एडिंबराच. रविवारी ती उडत नाही.