डेड फोनमधला डेटा काढण्याची साधनं: काय कामाचं, काय बिनकामाचं

फोन बंद पडला आणि फोटो आत अडकले की शोधाशोधीत आधी दिसतात त्या रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या जाहिराती. त्यांच्याबद्दलचं मत सुरुवातीलाच सांगून टाकू: फोन चालूच होत नसेल तर त्यांच्यावर एक पैसाही घालवू नका. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या फोनमध्ये प्रत्येक फाइल एन्क्रिप्ट करणं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी ठेवणं, सक्तीचं आहे. ते उलगडायला लागणारी किल्ली प्रोसेसरच्या सुरक्षित भागाशी आणि तुमच्या पिनशी बांधलेली असते. आयफोनमध्ये हेच काम सिक्युअर एन्क्लेव्ह हा वेगळा सुरक्षित भाग करतो. त्यामुळे मेमरीची चिप उपसून दुसऱ्या रीडरवर वाचली तरी हाती लागतो तो निव्वळ कचरा. वाट एकच उरते: तोच बोर्ड (फोनचं मुख्य सर्किट) एकदा तरी सुरू झाला पाहिजे आणि त्यावर तोच पिन टाकता आला पाहिजे. खालचं प्रत्येक साधन याच कसोटीवर पारखलं आहे.

अपवाद फक्त मेमरी कार्डाचा. साध्या पद्धतीने वापरलेलं कार्ड काढून रीडरमध्ये घाला. काही पुसलं गेलं असेल तर मोफत मिळणारं फोटोरेक चांगलं काम करतं. कार्ड ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट केलेलं असेल तर त्याची किल्ली फोनमध्येच असते, म्हणजे पुन्हा फोनच जिवंत करावा लागतो. आणि स्क्रू उघडण्याआधी संगणकावरून गूगल फोटोज किंवा आयक्लाउड उघडून बघा. बॅकअप आपोआप चालू होता हे अनेकांना माहीतच नसतं.

सगळ्यात बोलकं साधन म्हणजे यूएसबी मीटर. चार्जर आणि केबलच्या मधे लावायचं हे छोटं यंत्र व्होल्ट आणि अँपिअर दाखवतं. फास्ट चार्जर बाजूला ठेवा आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर घ्या, म्हणजे आकडे सरळ वाचता येतात. मीटर शून्यावरच राहिलं तर केबल बदला, लाकडी काडीने पोर्टमधला कापूस काढा. तरीही शून्यच असेल तर संशय चार्जिंग पोर्टवर आणि त्याच्यामागच्या आयसीवर (चिपवर). ०.०५ ते ०.१५ अँपिअरवर आकडा स्थिर दिसला तर बॅटरी पार तळाला गेलेली असू शकते. ली-आयन सेलचा व्होल्टेज ३ व्होल्टच्या खाली गेला की फोन आधी अगदी कमी करंटने तो वर आणतो. अर्धा-पाऊण तास हात लावू नका; आकडा चढून अर्ध्या-एक अँपिअरकडे गेला तर फोन वाचला. करंट ठरावीक लयीत चढत-उतरत असेल तर बोर्ड सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि मधेच कोसळतोय. अशा वेळी आधी बॅटरी बदलून बघावी. लावल्याबरोबर करंट जास्त आणि फोनचा एखादा भाग गरम, म्हणजे शॉर्ट सर्किट. केबल तेव्हाच काढा. मॉडेलनुसार आकडे थोडे बदलतात, म्हणून नेमक्या आकड्यापेक्षा तो कसा वागतो याकडे लक्ष द्या.

चार्जिंग नीट दिसत असूनही पडदा काळा राहिला तर सक्तीचा रीस्टार्ट करा. बहुतेक अँड्रॉइडवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र, वीसेक सेकंद. आयफोन ८ पासून पुढे आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण लोगो येईपर्यंत धरून ठेवा.

बऱ्याचदा मेलेला असतो तो डिस्प्ले, फोन नव्हे. त्या नंबरवर कॉल करा, थरथर जाणवते का बघा, संगणकाला जोडल्यावर आवाज येतो का ऐका. अशा फोनसाठी स्क्रीन संगणकावर दाखवणारं एससीआरसीपीवाय (scrcpy) हे मोफत साधन उत्कृष्ट आहे, पण यूएसबी डीबगिंग (संगणकाला फोन हाताळू देणारी सेटिंग) आधीपासून चालू आणि तो संगणक आधी मंजूर केलेला असेल तरच. टाइप-सी वरून एचडीएमआय काढणारे अडॅप्टर फक्त ज्या पोर्टमधून चित्र बाहेर येतं तिथेच चालतात, यूएसबी २.० पोर्टच्या स्वस्त फोनवर ते वाया जातात. शिवाय रीस्टार्ट झाल्यावर बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो, आणि तोवर संगणकाला फाइलींचं फोल्डर रिकामं दिसतं. म्हणून यातला सगळ्यात खात्रीचा खर्च तात्पुरत्या डिस्प्लेचा. बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवा, नवा डिस्प्ले न चिकटवता नुसता जोडा, पिन टाका, कॉपी करा. आयफोनवर ‘अस्सल भाग नाही’ असा इशारा आला तरी डेटा घेण्यात अडचण येत नाही.

संगणकाच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘क्वालकॉम क्यूडीलोडर ९००८’ दिसलं तर प्रोसेसर जिवंत आहे, पण फोन सुरू करणारा पुढचा कोड त्याला मिळत नाही. इथेच सर्वाधिक नुकसान होतं, कारण दुकानात पटकन ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणतात. पूर्ण फ्लॅशमध्ये, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर नव्याने भरताना, डेटाचं विभाजन (पार्टिशन) पुसलं जातं. सॅमसंगवर ओडिन हे सॉफ्टवेअर भरायचं साधन वापरताना ‘सीएससी’ फाइल डेटा उडवते, ‘होम सीएससी’ ठेवते. आयफोन रिकव्हरी मोडमध्ये (संगणकाला जोडून सॉफ्टवेअर दुरुस्त करायच्या अवस्थेत) असेल तर ‘अपडेट’ निवडा, ‘रिस्टोअर’ अजिबात नको. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागले तर फोन मोडमधून बाहेर पडतो, डाउनलोड पूर्ण झाल्यावर पुन्हा मोडमध्ये घालावा. बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करणं आणि फॅक्टरी रीसेट या दोन्हींत किल्ल्याच नष्ट होतात. त्यानंतर कोणतीही कार्यशाळा काही करू शकत नाही.

पाण्यात पडलेल्या फोनला तांदळाच्या डब्यात ठेवणं म्हणजे गंजाला वेळ देणं. चार्जिंगला लावू नका, बॅटरी सोडवा, बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुऊन घ्या. शील्डच्या पत्र्याखालचा गंज मात्र घरी निघत नाही.

आता बोर्डवर काम करणाऱ्या सेवेबद्दल. चांगला कारागीर आधी बॅटरीच्या जागी डीसी सप्लाय (व्होल्ट आणि करंट ठरवता येणारा वीजपुरवठा) लावतो: साधारण ४ व्होल्ट, करंटवर मर्यादा घालून. पॉवर बटण दाबण्याआधी करंट जवळजवळ शून्य हवा. तेव्हाच शेकडो मिलिअँपिअर जात असतील तर वीज पुरवणारी मुख्य लाइन शॉर्ट आहे. मग थर्मल कॅमेऱ्याने किंवा राळेच्या धुराचा पातळ थर देऊन कोणता भाग तापतो ते शोधतात. तो अनेकदा एक सिरॅमिक कपॅसिटर निघतो, आणि त्याच लाइनवर तसे बरेच असल्याने तो काढून टाकला तरी फोन चालू होतो. सगळ्या दुरुस्त्यांमध्ये हीच सर्वाधिक फळ देणारी. पॉवर आयसी बदलणं त्याच्या पुढची पायरी. शेवटचा उपाय म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी दुसऱ्या चांगल्या बोर्डवर नेणं. आयफोनमध्ये त्यांच्यासोबत ईईप्रॉम ही छोटी मेमरी चिपही न्यावी लागते. त्यात पॅड (बोर्डवर चिप जोडायच्या धातूच्या जागा) उपटले तर दुसरी संधी मिळत नाही, म्हणून हे काम आधी किती वेळा यशस्वी केलं ते स्पष्ट विचारा.

‘चिप काढून डेटा देतो’ असं आजच्या फोनबद्दल कुणी म्हणत असेल तर तिथून निघा. नुसत्या हॉट एअरने बोर्ड शेकणाऱ्यापासूनही दूर राहा. तुटलेले सोल्डरचे गोळे काही मिनिटं जुळतात, मग आणखी बिघडतात. डेटा मिळाला तरच पैसे, काम जमलं नाही तर बोर्ड सुट्या भागांसह परत, ही अट लिहून घ्या. पिन द्यावाच लागेल, त्याशिवाय कारागिराला निकाल तपासता येत नाही.

फोन सुरू झालाच तर तो पुन्हा बंद पडेल असं धरून चाला. अपडेट नको, रीस्टार्ट नको. आधी डीसीआयएम (कॅमेऱ्याच्या फोटोंचं फोल्डर), मग अँड्रॉइड, मीडिया या वाटेने व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर. साधी फाइल ट्रान्सफर मोठ्या फोल्डरवर अडकते, तेव्हा थोडंथोडं घ्या किंवा एडीबीने (संगणकावरून कमांड देऊन फोन हाताळायचं साधन) ओढा. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपची फाइल एन्क्रिप्ट असते. ती उघडायला तोच नंबर चालू हवा, आणि एंड-टू-एंड बॅकअप लावला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्लीही. लॉगिनचे कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले कोड फाइल कॉपी करून येत नाहीत. त्या अ‍ॅपमध्ये सोय असेल तर फोन जागा असतानाच एक्सपोर्टचा क्यूआर कोड काढा आणि दुसऱ्या फोनवर स्कॅन करून घ्या.