पान फाडता न येणारी चित्रवही

नवी पेठेतील एका स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या, सोलापुरातच बांधलेल्या एका लहान चित्रवहीविषयी हा अभिप्राय आहे. आकार ए-6, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढा; कागद 200 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचा; किंमत 180 रुपये. सुट्टीच्या दिवशी शहरातले एखादे ठिकाण चितारायचे, एवढाच माझा संकल्प होता. असे संकल्प वेळेअभावी मोडतात असे आपण म्हणतो. माझ्या मते पुष्कळदा ते साहित्याच्या निवडीमुळेच मोडतात.

या वहीचा खरा गुण तिच्या शिलाईत आहे. स्पायरलच्या वहीतून बिघडलेले चित्र अलगद काढून टाकता येते, मग त्याच्या पाठोपाठ दुसरेही निघते, आणि वही रोडावत जाते तसा उत्साहही ओसरतो. इथे कागद दुमडून, फर्मे (एकात एक घातलेल्या दुमडपानांचे जुडगे) करून ते दोऱ्याने शिवलेले असल्यामुळे एक पान फाडले की त्याचे जोडपान, म्हणजे त्याच कागदाचा दुसरा अर्धा भाग, सुटू लागते, आणि नेमके त्यावरच एखादे बरे जमलेले चित्र असते. त्यामुळे भुईकोट किल्ल्याचा वाकडा झालेला बुरूज तसाच ठेवून पान उलटण्यावाचून गत्यंतर नसते. आकाराचाही असाच उपयोग होतो. महापालिकेच्या इंद्रभुवन या इमारतीची सगळी नक्षी एवढ्याशा पानावर मावत नाही, म्हणून काय गाळायचे ते आधीच ठरवावे लागते आणि चित्र एका बैठकीत पुरे होते.

जलरंगाचे दोन हात कागद सहज सोसतो, तिसऱ्याला मात्र तो वाकतो. एप्रिलच्या उन्हात सिद्धेश्वर तलावाकाठी बसले, तर निळा रंग पसरवेपर्यंत त्याची कड वाळते आणि पाण्यावर नको तिथे रेघ उमटते. तो दोष अर्थात वहीचा नाही, तिथे सकाळीच जावे.

तक्रार आहे ती मुखपृष्ठाची. त्यावर चढवलेले सोलापुरी चादरीचे कापड इतके देखणे आहे की आत पहिली रेघ ओढायला हात धजत नाही. (पहिले पान रंगांचे नमुने लावून खराब करून टाकावे, हा त्यावरचा उत्तम उपाय.) शिवाय ते कापड पाणी शोषते आणि त्याच्या जाडीमुळे वही खिशात मावत नाही. दुकानदाराला सांगितल्यास साध्या पुठ्ठ्याची वही बांधून मिळते, ती 20 रुपयांनी स्वस्तही पडते. घ्यायचीच तर तीच घ्यावी.