लाळेवरची जनुक चाचणी आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका: काही महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्या वडिलांची, अण्णांची, सगळी नोकरी इचलकरंजीत कापड रंगवण्यात गेली, जोडीला बिडी होतीच. लघवीतून रक्त गेलं, दुखलं काहीच नाही, आणि तपासात मूत्राशयाचा कर्करोग निघाला. दुर्बिणीतून गाठ काढली, मग लघवीच्या पिशवीत बीसीजीचे डोस सोडले (हो, तीच क्षयाची लस). आता ठरावीक काळाने पुन्हा दुर्बीण. ही धास्ती मनात घेऊनच मी घरबसल्या होणारी जनुक चाचणी मागवली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

नळीत लाळ द्यायची, पाकीट कुरिअरने पाठवायचं. त्यात अडचण काहीच आली नाही. अहवाल अ‍ॅपवर आला: लाल पट्टीत ‘जोखीम सरासरीपेक्षा जास्त’ आणि खाली ‘नॅट-टू: स्लो’. पुढचे काही दिवस झोप नीट लागली नाही.

नॅट-टू या जनुकापासून एक एन्झाइम बनतं. तंबाखूच्या धुरातली आणि जुन्या रंगधंद्यातली काही अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स (कर्करोग घडवू शकणारी रसायनं) ते यकृतात निकामी करतं. ‘स्लो’ माणसात हे काम सावकाश होतं. मग जास्त विष लघवीवाटे मूत्राशयात उतरतं आणि आतल्या अस्तराला लागतं. पण युरोपात निम्म्याहून अधिक लोक ‘स्लो’च आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या मोठ्या अभ्यासात अशा लोकांचा धोका साधारण १.४ पट दिसला, आणि तोही मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्यांत. मी आयुष्यात कधी ओढलेली नाही. अ‍ॅपने ते विचारलंच नव्हतं! माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. तंबाखूचा प्रश्न न विचारता या आजाराची जोखीम सांगणं मला बेजबाबदार वाटतं.

दुसरी उणीव म्हणजे जीएसटीएम-वन, विषारी रसायनं निकामी करायला मदत करणारं आणखी एक जनुक. हे अख्खं जनुकच पुष्कळांत नसतं. त्याच अभ्यासात अशांचा धोका सुमारे १.७ पट होता, आणि ओढणारे-न ओढणारे असा फरकही नव्हता. माझ्या अहवालात त्याचं नावसुद्धा नाही.

रंगकामाचं काय, हे मला अण्णांमुळे जाणून घ्यायचंच होतं. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत या गाठी दाखवून दिल्या, म्हणजे जनुकं वाचता येण्याच्या कितीतरी आधी. पुढे चीनमध्ये बेंझिडीन (रंगधंद्यातलंच एक अ‍ॅरोमॅटिक अमाइन) हाताळणाऱ्या कामगारांचा अभ्यास झाला, तेव्हा ‘स्लो’ असणाऱ्यांत धोका वाढलेला दिसलाच नाही. रसायन बदललं की त्याच जनुकाचा अर्थ बदलतो. लाल पट्टीत हे कुठून मावणार?

शेवटी अहवाल घेऊन मी जनुकीय सल्लागार बाईंकडे गेले. त्यांनी अ‍ॅप बाजूला ठेवून नात्यात कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालाय का, हे आधी विचारलं. लिंच सिंड्रोममध्ये (कर्करोगाचा धोका वाढवणारा, घराण्यात चालत येणारा जनुकदोष) मूत्रमार्गाचेही कर्करोग होतात, आणि त्याची चाचणी वेगळी, रीतसर करायची असते. आमच्याकडे तसं कुणी नाही. वडिलांना हा आजार असला की मुलांचा धोका थोडा वाढतो, हे मात्र त्यांनी लपवलं नाही.

फायदा एक नक्की झाला. ‘स्लो’ व्हायला दोन्ही पालकांकडून एकेक संथ प्रत यावी लागते, म्हणजे धाकट्या भावाकडेही त्या असू शकतात, आणि तो दिवसाला पाकीटभर ओढतो. त्याने चाचणी करावी असं मला अजिबात वाटत नाही. तो ‘फास्ट’ निघाला तर ओढायला निमित्तच मिळेल. त्याच पैशांत त्याला व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. अजून पूर्ण सुटलेली नाही, पण पाकीट आता दोन दिवस पुरतं.

आणखी एक उपयोग अ‍ॅपने सांगितला नाही, पण आपल्याकडे मोलाचा आहे. क्षयाचं आयसोनियाझिड हे औषधही नॅट-टूच हाताळतं. ‘स्लो’ माणसाला त्याचा त्रास जास्त होऊ शकतो, म्हणून ही नोंद मी माझ्या फाइलमध्ये लावून ठेवली आहे.

कर्करोगाच्या भीतीपोटी घेत असाल तर माझ्याकडून पाचपैकी दोनच तारे. लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, तरी अहवाल काहीही म्हणो, थेट युरॉलॉजिस्टकडे जा.