भूमिगत कोळसा खाणीतील अ‍ॅक्सियल फ्लो पंखा: वापरानंतरचा अनुभव

चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या भूमिगत कोळसा खाणीत रिटर्न शाफ्टवरचा (वापरलेली हवा बाहेर नेणाऱ्या उभ्या मार्गावरचा) जुना सेंट्रिफ्युगल (हवा बाजूला फेकणारा) पंखा काढून अ‍ॅक्सियल फ्लो (हवा आसाच्या दिशेने सरळ ढकलणारा) पंखा बसवला, त्याला आता हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही उलटले. व्हेंटिलेशनची जबाबदारी माझ्याकडे असल्याने निवडीतील कोणता निकष खरोखर कामी आला, ते येथे नोंदवतो.

विक्रेते पंख्याची क्षमता घनमीटर प्रति सेकंद एवढ्या एका आकड्यात सांगतात, पण तो आकडा किती दाबावर मिळतो हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. नियमानुसार सर्वांत मोठ्या पाळीतील दर माणसामागे मिनिटाला ६ घनमीटर किंवा रोजच्या उत्पादनाच्या दर टनामागे मिनिटाला २.५ घनमीटर, यांपैकी जे अधिक भरेल तेवढी हवा डिस्ट्रिक्टच्या (खाणीच्या स्वतंत्र हवा मिळणाऱ्या भागाच्या) शेवटच्या कनेक्शनपर्यंत, म्हणजे हवा जाण्याच्या शेवटच्या जोडवाटेपर्यंत पोहोचावी लागते, आणि स्टॉपिंग (वाट बंद करणाऱ्या भिंती) व एअर लॉक (जोडदारे) यांमधून होणारी गळती त्याखेरीज धरावी लागते. दाब हवेच्या प्रमाणाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि वीज दाब व हवा यांच्या गुणाकारावर ठरते, त्यामुळे त्याच खाणीतून २० टक्के जास्त हवा ओढायची, तर वीज सुमारे ७३ टक्के जास्त लागते.

आमच्या निवडीत निर्णायक ठरला तो पात्यांचा बदलता कोन. काम पुढे सरकते तसा खाणीचा अवरोध वाढतो आणि कोन वाढवून त्याला तोंड देता येते. मात्र त्यासाठी पंखा थांबवून माणसे बाहेर काढावी लागतात, म्हणून हे काम आम्ही सुट्टीच्या दिवशीच काढतो. प्रत्येक पात्याचा कोन गेजने जुळवावा लागतो. एखादे पाते जरा वेगळे राहिले तरी बेअरिंगवर थरथर जाणवते.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. रिटर्नमध्ये छत कोसळून वाट अर्धी बुजली, तेव्हा वॉटर गेजमधील (पंख्याचा दाब दाखवणाऱ्या नळीतील) पाण्याची पातळी एका जागी न ठरता वरखाली उसळू लागली आणि एरवीची एकसुरी घरघर मोडून पंखा धापा टाकू लागला. हीच स्टॉलची, म्हणजे दाब फार वाढल्याने पात्यांवरून हवेची पकड सुटण्याची खूण. चालू बिंदू (पंखा ज्या दाबावर व हवेवर चालतो तो) स्टॉलच्या दाबापासून बराच खाली ठेवला होता, तरी एवढा अडथळा त्याला पेलला नाही. त्यातच मे महिन्यात बाहेरची हवा खाणीतल्या हवेपेक्षा तापलेली असते, त्यामुळे हिवाळ्यात साथ देणारे नैसर्गिक वायुवीजन उलट पंख्याला विरोध करते. आमच्यासारख्या उथळ खाणीत हा फरक थोडा, पण गेजवर दिसण्याइतका असतो.

आवाज ही मोठी तक्रार आहे. सायलेन्सर बसवता येतो, पण त्यात खर्च होणारा दाब हिशेबात धरावा लागतो. पात्यांच्या पुढच्या कडेवर ओलसर कोळशाच्या धुळीचा काळा लेप चढतो, तो नियमित खरवडावा लागतो. मोटरची दिशा उलटवताच हवा उलटते, ही सोय जुन्या पंख्याला वेगळ्या झडपा आणि मार्गांशिवाय नव्हती; उलट दिशेने हवा बरीच कमी मिळते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

खरेदीपूर्वी प्रत्येक कोनाचा आलेख स्टॉलच्या रेषेसह मागावा, आणि सांगितलेला दाब एकूण (हवेच्या वेगाचा दाब धरून) की स्थिर (तो वगळून), तो इव्हासे (पंख्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचा रुंदावत जाणारा नळ) धरून की वगळून, हे लेखी घ्यावे. आमचे पुढचे पॅनल (कोळसा काढण्याचा पुढचा भाग) सुरू झाले की कोन आणखी एक पायरी वाढवावा लागेल. मोटरमध्ये तेवढी ताकद आम्ही आधीच राखून ठेवली आहे.