जीसीएस की एव्हीपीयू?
रुग्ण किती शुद्धीवर आहे हे तपासायच्या या दोन पद्धती; कोणती वापरायची, हा सोलापुरात नर्सिंग शिकणाऱ्यांना वॉर्डात गेल्या गेल्या पडणारा प्रश्न. एव्हीपीयू सोपं: रुग्ण जागा आहे, हाकेला ओ देतो, वेदनेला प्रतिसाद देतो, की कशालाच नाही? काही सेकंदांत उरकतं; धावपळीत हेच बरं.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, १९७४ चं. डोळे उघडण्याला १ ते ४, बोलण्याला १ ते ५, हालचालीला १ ते ६; एकूण ३ ते १५ गुण. १४ चे १२ झाले की घसरण लगेच दिसते, एव्हीपीयूत ती निसटू शकते. डोक्याला मार लागलेल्यासाठी मी जीसीएसच घेईन. फक्त बोलण्याचे गुण जपून! सोलापूरच्या पूर्व भागातली आजी तेलुगूत अगदी बरोबर उत्तर देत असते आणि आपण ‘गोंधळलेली’ लिहून मोकळे. आधी तिच्या नातवाला बोलवा, मग आकडा मांडा.